ठोशाची ताकद येते कोठून?

वाचकांच्या पत्रांना उत्तरे

या महिन्याच्या टपालात मुष्टियुद्धाविषयीची पत्रे बरीच आहेत. बालेवाडीचे क्रीडासंकुल आणि आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट यांच्यामुळे हा खेळ पुण्याला नवा नाही. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा येथे झाल्या, तेव्हा त्यांत मुष्टियुद्धाचाही समावेश होता. पत्रे खेळाडूंची आहेत, पालकांची आहेत, नुसत्या प्रेक्षकांचीही आहेत, आणि फिरून फिरून त्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: ठोशात जोर कशामुळे येतो? पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : मी अकरावीत शिकतो आणि गेल्या वर्षापासून मुष्टियुद्धाच्या वर्गाला जातो. व्यायामशाळेत जाऊन मी छाती आणि दंड बरेच कमावले आहेत आणि बेंच प्रेसवर, म्हणजे उताणे पडून छातीवरून वजन वर ढकलण्याच्या व्यायामात, आमच्या वर्गात सर्वांत जास्त वजन मीच उचलतो. तरीही माझा ठोसा बसला की पंचिंग बॅग नुसती झुलते, आणि माझ्यापेक्षा सडपातळ असलेल्या एका मुलाचा ठोसा बसला की ती जागच्या जागी दुमडते व आवाज हॉलभर घुमतो. सर म्हणतात, ‘तू हाताने मारतोस.’ ठोसा हाताने मारायचा नाही, तर कशाने मारायचा?
– एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : तुझ्या निरीक्षणातच अर्धे उत्तर आहे. बॅग किती लांब झुलली, हे ठोशाच्या जोराचे माप नव्हे. बॅगेला मिळणारा झोका आवेगावर, म्हणजे बल आणि ते जितका वेळ लावले तो वेळ यांच्या गुणाकारावर ठरतो. त्यामुळे बेताचे बल जरा अधिक वेळ लावले, म्हणजेच बॅग ढकलली, तरी ती लांबवर जाते. तेवढाच आवेग फार थोड्या वेळात दिला, तर बल क्षणभर कितीतरी पट वाढते, बॅगेचे अंग आत दबते, ती मधोमध वाकते आणि तो आवाज होतो. तुझा मित्र ठोसा मारतो आहे आणि तू बॅग ढकलतो आहेस. ही खोड सुधारता येण्यासारखी आहे, म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

हा वेळ किती थोडा असतो, याची कल्पना एका जुन्या मोजणीवरून येईल. ब्रिटनचा हेवीवेट मुष्टियोद्धा फ्रँक ब्रुनो याच्या ठोशाची प्रयोगशाळेत मोजणी करण्यात आली आणि ती १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या मुठीने जवळजवळ अर्ध्या मीटरचे अंतर सेकंदाच्या दहाव्या भागात कापले, ती सेकंदाला ८.९ मीटर वेगाने लक्ष्यावर आदळली आणि स्पर्श झाल्यापासून १४ सहस्रांश सेकंदांत बल ४,०९६ न्यूटनपर्यंत चढले. क्षणापुरता का होईना, हा भार सुमारे ४१८ किलो वजनाइतका होतो. यातून जे निष्पन्न होते ते महत्त्वाचे आहे. १४ सहस्रांश सेकंदांत कोणालाही विचार करून जोर वाढवता येत नाही. मूठ टेकल्यानंतर तू दात-ओठ खाऊन जो जोर लावतोस तो ठोशात जातच नाही, तो ढकलण्यात जातो. ठोशात जायचे ते सर्व स्पर्शाच्या आधीच तयार झालेले असावे लागते.

आता ते तयार कोठे होते, हा तुझा मूळ प्रश्न. सोव्हिएत संशोधकांनी, योगायोगाने १९८५ मध्येच, निरनिराळ्या दर्जाच्या मुष्टियोद्ध्यांच्या ठोशांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. वरच्या दर्जाच्या खेळाडूंच्या ठोशात पायाच्या रेट्याचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाच्या फिरकीचा सुमारे ३७ टक्के आणि हात सरळ होण्याचा अवघा २४ टक्के निघाला. खालच्या श्रेणीतील खेळाडूंमध्ये मात्र पायांचा वाटा सुमारे १७ टक्क्यांवर उतरला होता आणि हाताचा ३८ टक्क्यांपर्यंत चढला होता. तुझे सर एका वाक्यात जे सांगतात ते हेच आहे. दंड कितीही कमावले, तरी वाटणीतील लहान हिश्श्यातच तू भर घालतो आहेस आणि मोठे दोन हिस्से तसेच पडून आहेत.

डावा पाय पुढे ठेवून उभ्या असलेल्या खेळाडूचा उजव्या हाताचा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, घेऊ. उजव्या पायाचा चवडा जमिनीला मागे आणि खाली रेटतो, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे जमीन तेवढाच रेटा उलट दिशेने परत देते. टाच बाहेर वळते, गुडघा आत येतो, उजवी कंबर पुढे फिरते. कंबर निघाली तरी खांदा क्षणभर मागेच राहिला पाहिजे, कारण त्या अवधीत पोटाचे आणि पाठीचे तिरपे स्नायू ताणले जातात, आणि ताणला गेलेला स्नायू लगेच आखडला तर अधिक जोराने आखडतो. मग धड, त्यामागून खांदा, त्यामागून कोपर, आणि सर्वांत शेवटी मूठ. दरम्यान डावा पाय नुसता टेकलेला नसतो. पुढे येणारे शरीर तो रोखून धरतो आणि त्या रोखण्यामुळेच सरळ पुढे येणारी गती फिरकीत बदलते. नवशिक्याच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. हात आधी निघतो, कंबर मागून फिरते, आणि ती फिरेपर्यंत मूठ बॅगेला लागून झालेली असते. पाय आणि कंबर दोन्ही हलताना दिसतात, म्हणून आपण सर्व बरोबर करतो आहोत असा समज होतो, पण त्यांचा रेटा ठोशात पोहोचलेलाच नसतो. मोबाइलवर बाजूने चित्रण करून ते संथ गतीने पाहिलेस, तर तुझ्या बाबतीत नेमके काय घडते ते लगेच दिसेल.

यापुढची गोष्ट सांगितली कमी जाते आणि माझ्या मते ठोशाचे खरे मर्म तीच आहे. मनगटापुढचा हात शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही हलका असतो. साठ किलोच्या मुलाच्या बाबतीत तो अर्धा किलोही भरत नाही. अर्धा किलोचा गोळा सेकंदाला नऊ मीटर वेगाने लागला, तर दुखेल, पण कोणी कोसळणार नाही. मुठीच्या मागे शरीराचा किती भाग त्या क्षणी एकसंध होऊन आदळतो, यावर सारे अवलंबून असते. यालाच संशोधक ठोशाचे परिणामकारक वस्तुमान म्हणतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ऑलिंपिक दर्जाच्या मुष्टियोद्ध्यांनी यंत्रे बसवलेल्या कृत्रिम डोक्यावर ठोसे मारले. तेव्हा मुठीचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ९.१ मीटर, सरासरी बल सुमारे ३,४२७ न्यूटन आणि परिणामकारक वस्तुमान सरासरी २.९ किलो आढळले. मुठीच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट वस्तुमान त्या ठोशामागे उभे होते. मनगट वाकलेले असेल, कोपर बाहेर निसटलेले असेल किंवा खांदा सैल राहिला असेल, तर हे वस्तुमान मुठीशी जोडले जात नाही. दांडा सैल झालेल्या हातोडीने खिळा ठोकावा तसा घाव वाया जातो. म्हणूनच स्पर्शाच्या क्षणी मूठ आवळलेली, मनगट सरळ आणि कोपर मुठीच्या रेषेत मागे असावे लागते, आणि हात पूर्ण ताणला जाण्याच्या थोडे आधीच लक्ष्य गाठावे लागते.

मग सुरुवातीपासूनच सर्व स्नायू आवळून का ठेवू नयेत? कारण आवळलेला हात सावकाश जातो. दंडाचा पुढचा स्नायू कोपर वाकवतो आणि मागचा ते सरळ करतो. दोन्ही एकाच वेळी आखडले, तर तू स्वतःच्याच हाताला मागे खेचत असतोस. कॅनडातील स्टुअर्ट मॅक्गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या अव्वल खेळाडूंच्या स्नायूंतील विद्युतक्रिया मोजली आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. धडाच्या अनेक स्नायूंमध्ये दोन शिखरे दिसली: प्रहार सुरू होताना एक, स्पर्शाच्या वेळी दुसरे, आणि मधल्या काळात स्नायू चक्क सैल होतात. सुरुवातीचे आखडणे हालचालीला रेटा देते, मधली सैलता वेग राखते आणि शेवटचे आखडणे वस्तुमान जोडते. आखडणे बहुतेकांना जमते. इतक्या थोड्या अवधीत सैल होणे आणि पुन्हा आखडणे यालाच वर्षे लागतात. ठोसा मारताना तोंडातून निघणारा तो आखूड फुत्कार सवयीचा किंवा दिखाव्याचा नसतो. नेमक्या क्षणी पोट घट्ट होण्यास त्याची मदत होते.

बेंच प्रेसवरची मेहनत फुकट गेलेली नाही, एवढे मात्र नक्की. ढकलण्याची ताकद ठोशाला उपयोगी पडतेच. ती ज्या शरीरातून वापरायची, त्याचा क्रम आधी बसला पाहिजे. काही महिने बॅगेवर सर्व जोर लावून मारणे थांबव. निम्म्या जोराने मार, प्रत्येक ठोशात टाच फिरली का आणि कंबर हाताच्या आधी निघाली का एवढेच पाहा, खांदे खाली सोड, मूठ वाटेत सैल ठेव आणि टेकताना आवळ. मूठ बॅगेच्या पृष्ठभागावर थांबवण्याचा विचार न करता चार बोटे आत पोहोचव आणि ज्या वेगाने नेली त्याच वेगाने गार्डमध्ये, म्हणजे चेहऱ्यासमोर बचावाच्या जागी, परत आण. शॅडो बॉक्सिंगला कंटाळू नकोस, कारण समोर काहीच नसताना क्रम चुकला की तोल जातो आणि चूक लपत नाही. बॅग आज झुलते आहे, ती दुमडू लागेल.

प्रश्न : माझे तरुणपण तालमीत गेले. जोर, बैठका, मुद्गल, मातीतली मेहनत हे सर्व केले. आता नातू मुष्टियुद्ध शिकतो आहे. आमचे वस्ताद म्हणत की ठोसा जन्मतःच असावा लागतो, शिकवून येत नाही. यात तथ्य किती? आणि तालमीची मेहनत त्याच्या कामी येईल का?
– एक ज्येष्ठ वाचक, भवानी पेठ

उत्तर : आपल्या वस्तादांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण सत्य नाही. स्नायूंमध्ये झटकन आखडणारे आणि सावकाश पण दीर्घकाळ काम करणारे असे दोन प्रकारचे तंतू असतात आणि त्यांचे प्रमाण बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. हातांची लांबी, खांद्यांची रुंदी, स्नायू हाडाला नेमका कोठे जोडलेला आहे, हेही सरावाने बदलत नाही. अमेरिकेचा डिऑन्टे वाइल्डर वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास या खेळाकडे वळला, २००८ मध्ये बीजिंगला त्याने कांस्यपदक मिळवले आणि पुढे हेवीवेटचा जगज्जेता झाला. त्याच्या तंत्रातील दोष जाणकार सतत दाखवत असत, तरीही त्याचा उजवा हात बसला की लढत संपत असे. असे देणे काही जणांना मिळालेले असते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तथापि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासातील आकडे पाहावेत. अव्वल मुष्टियोद्ध्यांच्या मागच्या हाताचा ठोसा सरासरी ४,८०० न्यूटन, मध्यम दर्जाच्यांचा ३,७२२ आणि नवशिक्यांचा २,३८१ भरला. अव्वल खेळाडू निवडूनच वर आलेले असतात, त्यामुळे यातील काही फरक उपजत आहे हे मान्य केले, तरी दुपटीचा फरक केवळ रक्तातून येतो असे मला वाटत नाही. पहिल्या पत्राच्या उत्तरात जो क्रम वर्णन केला आहे तो शिकण्याची गोष्ट आहे, आणि उपजत देणे नसलेल्या मुलालाही शिकण्याचा तो भाग पूर्णपणे खुला असतो.

तालमीच्या मेहनतीविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच ती कोठे लागू पडते ते स्पष्ट सांगतो. स्नायूला आपली कमाल ताकद उभी करण्यास साधारण सेकंदाचा एक तृतीयांश भाग किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. ठोसा मात्र सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास आटोपतो. कुस्तीत पट काढून समोरच्याला उचलताना पैलवानाला कमाल ताकद उभी करण्याइतका अवकाश मिळतो, मुष्टियोद्ध्याला तो मिळत नाही. त्याच्या बाबतीत किती ताकद आहे याच्याइतकेच ती किती लवकर उभी राहते हे मोलाचे ठरते. शेकड्यांनी काढलेल्या बैठका दम वाढवतात, मांड्या आणि सांधे टणक करतात, आणि वाढत्या वयाच्या मुलासाठी हा पाया उत्तमच आहे. परंतु त्या संथ लयीत होतात, म्हणून झटक्याची ताकद त्यांतून आपोआप येत नाही. त्यासाठी बैठकीतून उंच उडी मारणे, मेडिसिन बॉल कमरेच्या फिरकीने भिंतीवर फेकणे असे थोड्या आवर्तनांचे, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन करावयाचे व्यायाम जोडावे लागतात. ब्राझीलच्या अव्वल मुष्टियोद्ध्यांवरील २०१६ च्या एका अभ्यासात ठोशाच्या जोराचा उभ्या उडीच्या उंचीशी निकटचा संबंध आढळला, आणि बेंच प्रेसमधील झटक्याच्या ताकदीशीही आढळला.

मुद्गलाची गोष्ट वेगळी. तो फिरवताना पाय रोवलेले असतात, धड आवळलेले असते, खांदा सर्व दिशांनी फिरतो आणि मनगट व पकड यांना न थकता काम करावे लागते. ठोसा लागताना खांदा आणि मनगट ज्या कारणाने जखमी होतात, त्यावर याहून चांगली तयारी क्वचितच असेल. नातवाला हलका मुद्गल आपण स्वतः शिकवावा, असा माझा आग्रह आहे. पर्वतीबाबतही अनेक जण विचारतात म्हणून येथेच सांगतो: १०३ पायऱ्या एका लयीत चढून जाणे दमासाठी चांगले, ठोशासाठी मात्र दहा-बारा पायऱ्यांचा झपाटा, मग पूर्ण विश्रांती, आणि पुन्हा झपाटा असे करावे, तेही सकाळच्या गर्दीत ज्येष्ठांना धक्का लागणार नाही अशा वेळी.

आपल्या वयाचा उल्लेख आपण केला आहे, म्हणून आणखी एक. वय वाढते तसा पायांचा वेग आधी जातो आणि ठोसा सर्वांत शेवटी. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी जॉर्ज फोरमनने वयाच्या ४५ व्या वर्षी, २६ वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत आखूड उजव्या ठोशाने पाडून जागतिक हेवीवेट अजिंक्यपद परत मिळवले. त्या लढतीत बहुतेक फेऱ्यांत तो मागे पडलेला होता.

प्रश्न : माझी मुलगी ४८ किलो गटात खेळते. वजन वाढवून वरच्या गटात गेलीस तर ठोसा आपोआप वाढेल, असे तिच्या मैत्रिणी तिला सांगतात. काही जणी उलट स्पर्धेआधी पाणी तोडून खालच्या गटात उतरण्याचा सल्ला देतात. तिने काय करावे?
– एक आई, हडपसर

उत्तर : वजनाचा ठोशाशी संबंध आहे, यात शंका नाही. वर उल्लेखिलेल्या २००५ च्या अभ्यासात वरच्या वजनगटांतील ठोसे अधिक तीव्र होते आणि त्याचे मुख्य कारण परिणामकारक वस्तुमान हेच निघाले. परंतु वरच्या गटात समोरची मुलगीही तितकीच वजनदार असते, आणि नुसत्या चरबीने वाढलेले वजन ठोशात उतरत नाही, ते पायांना ओझे होते. कमी वजनाच्या खेळाडूने वजनदाराला नामोहरम केल्याची उदाहरणे थोडी नाहीत. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो येथे सुमारे ८५ किलोच्या जॅक डेम्प्सीने सुमारे १११ किलोच्या जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा जमिनीवर लोळवले होते. मुलीची उंची अजून वाढत असेल, तर वजन तिच्या वाढीबरोबर येऊ द्यावे आणि गट त्यानुसार बदलावा.

पाणी तोडण्याला माझा ठाम विरोध आहे. शरीरातील पाणी कमी झाले की स्नायूंचा झटका मंदावतो, लक्ष विचलित होते आणि डोक्याला लागलेला मार अधिक धोकादायक ठरू शकतो. वाढत्या वयाच्या मुलीने गट गाठण्यासाठी तहानलेले राहू नये, आणि तसे सांगणारा प्रशिक्षक असेल तर आपण आई या नात्याने त्यांना स्पष्ट नकार द्यावा. हौशी मुष्टियुद्धात गुण स्वच्छ लागलेल्या ठोशांना मिळतात. मेरी कोम यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले ते ५१ किलो गटात, कारण त्यांचा ४८ किलोचा गट ऑलिंपिकमध्ये नव्हता. आपल्याहून थोराड प्रतिस्पर्ध्यांशी लढताना त्यांचा आधार वेग, अंतराचा अंदाज आणि ठोशांची मालिका हाच होता.

प्रश्न : जुन्या लढतींची चित्रणे पाहताना एक कोडे पडते. कधी दणदणीत ठोसे खाऊनही माणूस उभा राहतो आणि कधी अगदी हलका वाटणारा ठोसा लागून कोसळतो. असे का?
– एक प्रेक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : ठोशाचे बल आणि त्याचा परिणाम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मेंदू कवटीत द्रवाने वेढलेला असतो. डोके सरळ मागे ढकलले जाण्यापेक्षा ते झटक्याने फिरले, तर मेंदूच्या ऊतींवर जास्त ताण येतो आणि शुद्ध हरपते. हनुवटी मानेच्या अक्षापासून सर्वांत दूर असल्याने तिच्या टोकाला बाजूने लागलेला बेताचा ठोसाही डोके मोठ्या त्वरणाने फिरवतो. तोच ठोसा कपाळावर बसला, तर बहुधा मारणाऱ्याचाच हात दुखावतो. ठोसा येताना दिसला की माणूस नकळत मान आवळतो, हनुवटी छातीकडे घेतो, आणि डोके धडाशी जोडले गेल्यामुळे ते हलवणे कठीण होते. न दिसलेल्या ठोशाला ही तयारी मिळत नाही. २५ मे १९६५ रोजी लुइस्टन येथे मुहम्मद अलीच्या आखूड उजव्या ठोशाने सॉनी लिस्टन पहिल्याच फेरीत पडला, तेव्हा अनेक प्रेक्षकांना तो ठोसा दिसलाही नव्हता आणि लढतीविषयी शंका आजतागायत घेतल्या जातात. चित्रणात मात्र लिस्टन पुढे येत असतानाच तो ठोसा लागल्याचे दिसते, आणि समोरून येणाऱ्याचा वेग मुठीच्या वेगात मिळवला जातो, हे विसरता कामा नये.

यकृतावर, म्हणजे उजव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांखाली बसलेला हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) वेगळ्याच मार्गाने काम करतो. शुद्ध पूर्ण असते, पण वेदनेने श्वास अडतो आणि पाय साथ देत नाहीत.

याच उत्तरात एक चिंता व्यक्त करतो. हेडगार्डमुळे, म्हणजे डोक्यावरच्या संरक्षक आवरणामुळे, डोक्याचे फिरणे थांबत नाही; जखमा आणि चिरा टाळण्यास ते उपयोगी आहे, मेंदूच्या संरक्षणाची हमी ते देत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष खेळाडू त्याशिवायच खेळले. सराव-लढतींमध्ये मुले एकमेकांच्या डोक्यावर पूर्ण जोर आजमावतात आणि काही ठिकाणी त्याला शाबासकी मिळते, हे थांबले पाहिजे. जोर बॅगेवर आणि पॅडवर आजमावावा. स्पारिंग, म्हणजे सराव-लढत, हे अंतर, वेळ आणि बचाव शिकण्यासाठी असते. मार लागून डोके गरगरले, मळमळले किंवा काही क्षण आठवेनासे झाले, तर त्या दिवशीचा सराव तेथेच संपवावा आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पुन्हा रिंगमध्ये उतरू नये.

प्रश्न : मॉलमध्ये ठोशाचा जोर मोजणारी यंत्रे असतात. त्यांवरील आकडा विश्वसनीय मानावा का?
– एक वाचक, विमाननगर

उत्तर : मानू नये. अशी यंत्रे बहुधा लटकता गोळा किती वेगाने मागे गेला ते मोजून स्वतःच्याच एककात आकडा दाखवतात, त्यामुळे लांबून धावत येऊन ढकलणाऱ्याला मोठा आकडा मिळतो. शिवाय हातावर बँडेज नसते आणि गोळ्याची गादी बहुधा झिजलेली असते.

प्रश्न : ठोशात जोर येऊ लागल्यापासून माझे मनगट आणि करंगळीच्या मागची बाजू दुखते. सराव चालू ठेवावा का?
– एक कामगार-खेळाडू, पिंपरी

उत्तर : दुखणे थांबेपर्यंत बॅगेवरचा सराव बंद ठेवावा, पायांचा, दोरीच्या उड्यांचा आणि शॅडो बॉक्सिंगचा सराव चालू ठेवण्यास हरकत नाही. आपले पाय आणि कंबर जो जोर मुठीपर्यंत आणतात, तो सर्व तळहाताच्या लहान हाडांतून पुढे जातो, आणि स्नायू महिन्यांत वाढतात तशी हाडे आणि अस्थिबंध वाढत नाहीत. करंगळीमागे दुखते, याचा अर्थ ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर न बसता बाहेरच्या दोन गाठींवर बसत असावा. करंगळीमागचे हाड बारीक असते आणि ते मुठीच्या आघाताने मोडणे ही सर्वांना परिचित असलेली दुखापत आहे. हुक मारताना कोपर मुठीच्या रेषेत न राहता खाली राहिले की नेमके असे होते, तेव्हा प्रशिक्षकांना आपला हुक मुद्दाम दाखवावा.

सराव पुन्हा सुरू करताना साडेचार मीटरचे बँडेज मनगटाला अधिक वेढे देऊन बांधावे, मूठ आवळल्यावर ते घट्ट आणि सोडल्यावर सैल वाटले पाहिजे. व्यावसायिक लढतीत ८ किंवा १० औंसांचे ग्लोव्हज असतात म्हणून सरावालाही तसेच वापरू नयेत. बॅगेसाठी १४ किंवा १६ औंसांचे घ्यावेत आणि आतली गादी बसली की बदलावेत. बोट वाकडे दिसत असेल, सूज उतरत नसेल किंवा गाठ आत गेल्यासारखी वाटत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एक्स-रे काढावा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही तरी निर्धास्त राहू नये, कारण तेथील नौकेच्या आकाराच्या लहान हाडाला गेलेला तडा सुरुवातीला अनेकदा दिसत नाही. हात आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी तपासणी पुन्हा करून घ्यावी.